मोडक्या गिरणीचा सौदा

१८८६ साली जमशेदजी टाटांनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली. मिल मोठी होती, पण पार डबघाईला आलेली. टाटा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि गिरणीधंद्यात मुरलेले होते. नागपूरच्या एम्प्रेस मिलने त्यांना पैसा आणि पत दोन्ही मिळवून दिली होती. असा माणूस जुन्या, झिजलेल्या यंत्रांच्या ढिगावर एवढी रक्कम लावतो, तेव्हा त्यामागे काही हिशेब असणारच. हिशेब होताही. तो चुकला कुठे, हे समजण्यासाठी त्यांचे आधीचे दोन व्यवहार पाहायला हवेत.

पहिला चिंचपोकळीचा. १८६९ साली तिथली एक दिवाळखोर तेलगिरणी टाटांनी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि नाव ठेवले अलेक्झांड्रा मिल. दोनच वर्षांत ती केशवजी नाईकांना नफ्यात विकून ते मोकळे झाले. हाही मोडकळीला आलेला कारखानाच होता, पण तेल गाळणारी यंत्रे सुताला काय कामाची? तिथे खरे मोल होते ते जागेचे आणि इमारतीचे. आत कापडाची यंत्रे नव्याने बसवावी लागणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. जुन्या लोखंडावर भरवसा ठेवण्याचा प्रश्नच आला नाही.

दुसरा धडा नागपूरचा. १५ लाखांच्या भांडवलावर १८७४ मध्ये कंपनी निघाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाल्याच्या दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. सुरुवातीला काटकसर म्हणून हलक्या प्रतीची यंत्रे आणली होती. यंत्रे कोरी, तरी सूत बेताचेच. ती काढून चांगली बसवेपर्यंत मिलने बाळसे धरले नाही. पुढे टाटांनी रिंग पद्धतीच्या चात्या बसवल्या, त्या वेळी खुद्द इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये या चात्यांबद्दल शंका घेतल्या जात होत्या. स्वस्त यंत्र महागात पडते, याचा अनुभव टाटांच्या गाठीशी होता तो असा.

मग कुर्ला का? आता त्यांना जाडेभरडे नव्हे, तलम सूत काढायचे होते. विलायतेहून येणाऱ्या बारीक कापडाशी टक्कर द्यायची होती. कंपनीचे नावही त्यांनी ठेवले स्वदेशी मिल्स. नवी गिरणी म्हणजे जमीन, बांधकाम, इंग्लंडला ऑर्डर, बोटीने येणारे सुटे भाग, मग जोडणी. कुर्ल्यात छप्पर होते, धुराडे होते, इंजिन होते, यंत्रे ओळीने उभी होती. कागदावर सौदा फायद्याचाच दिसतो.

मेख होती ती त्या ‘तलम’ शब्दात. कातणयंत्राचा बिडाचा सांगाडा पन्नास वर्षे हलत नाही, आणि बघणाऱ्याच्या नजरेत तोच भरतो. झीज होते ती दडलेल्या जागी. चातीची बैठक सैल झाली की चाती थरथरते. सावकाश चालवली तर निभते, वेग वाढवला की सूत तुटते. सूत ओढणारा रूळ किंचित वाकडा असला, तर त्याच्या प्रत्येक फेऱ्याला धागा एकदा जाड, एकदा बारीक निघतो. धोतराच्या जाड सुतात हा दोष झाकला जातो. बारीक सुतात मुळात तंतूच थोडे, त्यामुळे पातळ पडलेली जागा तटकन तुटते. त्यातून सगळे खाते एकाच वाफेच्या इंजिनावर, शाफ्टवर आणि पट्ट्यांवर चालायचे. बॉयलर रुसला की चालू यंत्रेही गप्प.

कुर्ल्यात व्हायचे तेच झाले. दुरुस्तीत पैसा मुरत गेला, उत्पादन वर येईना. टाटांच्या नावावर विश्वासून भाग घेतलेल्यांचे चेहरे उतरले, कारण भागांची किंमत घसरत होती. बँकेने कर्ज नाकारले. तेव्हा टाटांनी कुटुंबासाठी केलेला विश्वस्तनिधी मोडला, एम्प्रेसचे काही भाग विकले आणि तो पैसा कुर्ल्यात ओतला. नागपूरहून कसलेली माणसे आणली. निकामी यंत्रे निघाली, त्यांच्या जागी नवी आली. थोडक्यात, जी खरेदी टाळण्यासाठी जुनी गिरणी घेतली, ती खरेदी शेवटी करावीच लागली, शिवाय मधल्या काळातला तोटा वेगळा. काही वर्षांनी स्वदेशीच्या सुताला चीनच्या बाजारात चांगला भाव मिळू लागला. तलम सुताला लागणाऱ्या लांब धाग्याच्या कापसाचा ध्यास मात्र टाटांना सुटला नाही. १८९६ मध्ये त्यांनी इजिप्शियन कापूस हिंदुस्थानात पिकवण्याविषयी एक पुस्तिकाच काढली.

जमशेदजी १९०४ साली वारले. त्याच वर्षी इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी गावातला पहिला यंत्रमाग बसवला. पुढच्या दशकांत इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही मागांची गावे झाली आणि मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा खडखडू लागले. कुर्ल्यात अंगाशी आलेला व्यवहार इथे पोट भरणारा ठरला. कारण उघड होते. यंत्रमागवाला सूत बाहेरून घ्यायचा, म्हणजे चात्या आणि रुळांची कटकट नाही. विणायचे ते साधे ग्रे कापड. मागाला विजेची स्वतंत्र मोटर, तेव्हा एक बंद पडला तरी शेजारचा चालू. धोटा, चामडी पिकर, बुश असे झिजणारे भाग गावातच मिळायचे, आणि ते बदलायला जॉबर हाकेच्या अंतरावर. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर गिरण्यांचे विणकामही मोठ्या प्रमाणावर या गावांकडे वळले.

आज तिथे युरोपातून उतरवलेले बिनधोट्याचे माग येतात. त्यांचा वेग मोठा, सुटे भाग परदेशी, आतली इलेक्ट्रॉनिक पाटी गेली तर गावचा जॉबर हात टेकतो. १९९९ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या आधुनिकीकरणासाठी सवलतीच्या कर्जाची योजना आणली. तिच्यात असे जुने मागही बसवले, पण अट घालून: माग दहा वर्षांहून जुना नसावा आणि त्याचे आणखी किमान दहा वर्षांचे आयुष्य शिल्लक असावे. जुनी यंत्रे आयात करताना सनदी अभियंत्याचा दाखलाही जोडावा लागतो. यंत्र कधी बनले, किती झिजले, दुरुस्तीला काय लागले आणि किती वर्षे चालेल, हे त्यात लिहिलेले असते. त्यावर कोणत्या नंबरचे सूत किती वेगाने चालवायचे, ते दाखल्यात नसते. तेवढे घेणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते.