दिले नाही, की शून्य दिले?

गुणपत्रकातले ‘०’ आणि ‘गैरहजर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते सांगावे लागते.

ऐच्छिक गोष्ट नेमकी कशी नोंदवायची, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त विकल्प सांगताना ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे तीन शब्द वापरले. परंपरेने ते समानार्थी मानले. १९७९ साली पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पॉल किपार्स्की यांनी वेगळी मांडणी केली. ‘वा’ म्हणजे केलेले बरे, ‘विभाषा’ म्हणजे न केलेले बरे आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखेच. ती सर्वांना मान्य नाही. पाणिनीने ‘विभाषा’ची व्याख्या दिली, उरलेल्या दोन शब्दांची नाही, म्हणून वादाला जागा राहिली.

संगणकाच्या जगात १९६० मध्ये कोबोल भाषेच्या वर्णनात ऐच्छिक भाग चौकटी कंसात लिहिला गेला. पुढे युनिक्सच्या माहितीपुस्तिकांमुळे ही खूण रूढ झाली. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल भाषा आली. तिच्यात फंक्शनला दिलेली सर्व मूल्ये एकाच यादीत येतात. त्यांतली आवश्यक कोणती, ऐच्छिक कोणती, हे फंक्शनच्या पहिल्या ओळीवरून कळत नसे. १९९४ च्या पर्ल ५ मध्ये प्रोग्रॅमच्याच फाइलमध्ये माहिती लिहिण्याची ‘पॉड’ ही सोय आली.

समजा, आपण लिहिले: सरासरी(गुण, [दशांशस्थळे]). कंसातले मूल्य दिले नाही तर २ धरायचे. पण कोणी मुद्दाम ० दिले तर? दोन उभ्या रेघांचे ‘किंवा’ हे चिन्ह वापरून २ धरण्याची पद्धत रूढ होती. त्या चिन्हाला ० म्हणजे ‘नाही’च वाटते, म्हणून पूर्णांक मागणाऱ्याच्या हाती दोन दशांशस्थळे येत. दिलेले ० आणि न दिलेले मूल्य यांत फरक करणारे, दोन तिरप्या रेघांचे चिन्ह पर्लमध्ये २००७ साली आले. फंक्शनच्या पहिल्या ओळीतच ऐच्छिक मूल्ये लिहिण्याची सोय तर २०२२ मध्ये स्थिरावली.

कंस एवढेच सांगतो की हे गाळता येईल. गाळल्यास काय धरले जाईल आणि ० किंवा रिकामी जागा दिल्यास काय होईल, हे शब्दांतच लिहावे लागते.

शाळेच्या अर्जांत ‘असल्यास’ हा शब्द असतोच. असा एखादा अर्ज वर्गात वाचावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे: ही जागा रिकामी राहिली, तर वाचणाऱ्याने काय समजायचे?