आईबापांची फिर्याद आणि गुन्ह्यांचे तक्ते

आईबापांवर हात टाकणाऱ्या अल्पवयीन मुलाची नोंद सरकारी दप्तरात कोठे होते, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मुंबईपुरते पाहिले, तर अशा फिर्यादीसाठी एके काळी स्वतंत्र वाट होती. १९२४ चा मुंबई बालक कायदा शहरात १९२७ साली अंमलात आला. त्याच वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगातील रिमांड होम तिच्याकडे आले. पुढे १९४८ च्या कायद्याखालीही मूल आवरत नाही, एवढीच तक्रार घेऊन आईबापांना बालन्यायालयापुढे उभे राहता येई. लालबाग-परळच्या चाळीतील गिरणी कामगाराला त्यासाठी मुलावर गुन्ह्याचा आरोप ठेवावा लागत नसे. तथापि या एकाच सदरात मारहाण, पळून जाणे, शाळा चुकविणे हे सारेच जमा होई. शिवाय तक्रार बापाची, म्हणून नोंदही बापाच्या नजरेची! त्या आकड्यांवरून छळाचे मोजमाप करणे धोक्याचे होय.

१९८६ च्या केंद्रीय कायद्यात ही तरतूद टिकली. २००० च्या कायद्यात ती उरली नाही. गुन्ह्यावाचून मुलाला अडकवून ठेवण्याची वाट बंद झाली, हे न्याय्यच झाले. परंतु त्यायोगे आईची फिर्याद फौजदारी चौकटीत ढकलली गेली. साधी दुखापत अदखलपात्र असते. दंडसंहितेच्या कलम ३२३ च्या जागी १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचे कलम ११५(२) आले, तरी दादर वा गिरगावात अशा फिर्यादीची होते ती ‘एन. सी.’च. त्यावर आणखी एक चाळणी आहे. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अल्पवयीनाचा गुन्हा निर्घृण वर्गातील, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेस पात्र, नसेल आणि प्रौढांच्या साथीने केलेला नसेल, तर प्रथम खबर नोंदवावयाची नसते. ठाण्याच्या दैनंदिनीतील टिपण व मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल यांवरच भागते. ज्येष्ठ नागरिकांवरील गुन्ह्यांचे तक्ते २०१४ पासून निघू लागले, पण ते साठीपुढच्यांचे. पंधरा वर्षांच्या मुलाची आई सहसा त्यांत बसत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘क्राइम इन इंडिया’मध्ये पकडलेल्या अल्पवयीनांची वर्गवारी आईबापांजवळ राहणारे, पालकांजवळ राहणारे आणि बेघर अशी केलेली आढळते. आईबाप तेथे येतात ते मुलाचा ठावठिकाणा म्हणून. मार खाल्लेली व्यक्ती म्हणून त्यांना रकाना नाही. दहा बाय दहाच्या खोलीतले जे भांडण गॅलरीतल्या साऱ्या बिऱ्हाडांना ऐकू जाते, ते या तक्त्यापर्यंत पोचत नाही.