बाहेरचं नव्हे, मेंदूची सूज!
आपल्या जळगाव-धुळ्यात माणूस अचानक भ्रमिष्टासारखं वागायला लागला, की 'बाहेरचं लागलं' म्हणत पहिली धाव भगताकडे. पण इतिहास बघा. युरोपातही अशा अनेकांना वेडे ठरवून कोंडत. 1906 मध्ये वासरमनची रक्ततपासणी आली. 1913 मध्ये नोगुची आणि मूर यांना अशा काही रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. ते 'वेड' म्हणजे मेंदूची सूज होती! पुढं त्यावर पेनिसिलिन लागू पडलं.
2007 मध्ये डालमाऊ यांनी शरीराचीच प्रतिपिंडं मेंदूवर उलटतात असा आजार दाखवला. मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीत तो कळतो, वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण सावरतात.
प्रत्येक मानसिक आजार तपासणीत दिसत नाही, नैराश्याची तशी पक्की रक्ततपासणी आजही नाही. पण वागणं अचानक बदललं, सोबत ताप किंवा झटके आले, तर भाऊ, आधी दवाखाना गाठा. उतारा करण्यात गेलेले दिवस परत येत नाहीत.