टेकाडाखालची माणसे : आयर्लंडच्या अद्भुतकथेची पूर्वपीठिका

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याने एक इंग्रजी कादंबरी आमच्या मेजावर आणून ठेवली आणि विचारले, "सर, यातली माणसे लेखकाने मनाने रचली आहेत, की आधीपासून कुठे होती?" ती कादंबरी म्हणजे ओवेन कोल्फर यांची २००१ साली प्रसिद्ध झालेली 'आर्टेमिस फाउल'. तिचा नायक बारा वर्षांचा, अत्यंत बुद्धिमान आणि तितकाच लबाड असा आयरिश मुलगा आहे. भूगर्भात राहणाऱ्या 'फेअरी' लोकांच्या पोलीसदलातील एका स्त्री-अधिकाऱ्याला तो पकडून ठेवतो आणि तिच्या सुटकेसाठी सोने मागतो. त्या लोकांपाशी जादू आहे, तशीच अद्ययावत यंत्रेही आहेत. आम्ही त्या मुलाला "आधीपासून होती" एवढेच सांगितले. उत्तर खरे होते, पण अपुरे होते. ते पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे. कारण त्या माणसांच्या इतिहासात आम्हा शिक्षकांना अंतर्मुख करणारे एक प्रकरण दडलेले आहे.

प्रथम एका शब्दाचा गैरसमज दूर केला पाहिजे. 'फेअरी' या शब्दासाठी आपण 'परी' हा शब्द वापरतो. परी फारसीतून आपल्याकडे आली; ती पंखांची, लावण्यवती आणि बहुधा परोपकारी. आयर्लंडच्या खेड्यांतील 'फेअरी' तशी नव्हे. तिला पंख नाहीत. ती माणसाएवढी असते, शेती करते, गाईगुरे पाळते, नाचगाण्यात रमते, भांडते आणि अपमान झाला तर सूड घेते. तिचे वसतिस्थान आकाशात नसून गावाशेजारच्या टेकाडाखाली असते. जुन्या आयरिश भाषेत अशा टेकाडाला 'सीद' म्हणत आणि तेथील रहिवाशांना 'सीदचे लोक'. कोणाच्या मृत्यूपूर्वी आक्रोश करणारी 'बॅनशी' हीदेखील मूळ अर्थाने 'सीदची स्त्री'च होय.

हे लोक टेकाडाखाली गेले कसे, याचे उत्तर आयर्लंडच्या मध्ययुगीन ग्रंथांत मिळते. अकराव्या शतकात संकलित झालेल्या 'लेबोर गबाला' या ग्रंथात त्या बेटावर एकामागून एक आलेल्या जनसमूहांची हकीकत आहे. त्यांतील उपान्त्य समूह 'तूअहा डे डानन', म्हणजे दानू देवतेचे लोक. दानू हे नाव ऋग्वेदातही वृत्राच्या मातेचे म्हणून येते. परंतु नुसत्या नामसादृश्यावर मोठी इमारत उभारण्याचा मोह विवेकी अभ्यासकाने टाळावा. हे डानन लोक विद्या, कला आणि मंत्र यांत निपुण होते. त्यांचा राजा नुआदा याचा हात युद्धात तुटला, तेव्हा त्यांच्या वैद्याने त्याला चांदीचा हात बसवून दिला. मॉयटूराच्या दुसऱ्या युद्धात लूग या त्यांच्या तरुण वीराने बालोर नावाच्या शत्रूला गोफणीच्या दगडाने ठार केले. या बालोरचा एक डोळा असा जहरी होता की तो उघडताच समोरचे सैन्य हतबल होई.

बालोर हा लूगचा मातामह होता. या नात्याची लोकांच्या तोंडी असलेली कथा जॉन ओडोनोव्हन या विद्वानाने १८३५ साली भूमापन खात्याच्या कामानिमित्त डोनेगल भागात फिरताना नोंदविली. नातवाच्या हातून मृत्यू येईल असे भाकीत ऐकून बालोरने मुलीला मनोऱ्यात कोंडून ठेवले. तरीही नातू जन्मला, दूर ठिकाणी वाढला आणि भाकीत खरे झाले. कंस, देवकी आणि गोकुळ ज्यांच्या कानांवरून बालपणीच गेले आहे, त्या आपल्या वाचकांना ही कथा परकी वाटणार नाही.

पुढे मीलचे पुत्र, म्हणजे आजच्या आयरिश लोकांचे कथेतील पूर्वज, बेटावर उतरले आणि डानन लोकांचा पराभव झाला. तेव्हा भूमीची वाटणी झाली, असे एक जुनी कथा सांगते. विजेत्यांना वरचा अर्धा भाग मिळाला आणि पराभूतांना जमिनीखालचा. आमच्या मते साऱ्या आयरिश अद्भुतकथेचे बीज या वाटणीत आहे. पराभूत देव स्वर्गात गेले नाहीत की नष्टही झाले नाहीत. ते शेजारी झाले. बॉइन नदीकाठचे न्यूग्रेंज हे इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षांचे दगडी थडगे दाग्दा आणि त्याचा पुत्र एंगस यांचे घर ठरले. प्राचीन शेतकऱ्यांनी वस्तीभोवती घातलेली मातीची वर्तुळाकार कडी बेटभर हजारोंनी विखुरलेली आहेत. ती बहुतेक इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील आहेत, असे पुरातत्त्वज्ञ सांगतात. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र ते या लोकांचे गड होत. त्यांवर नांगर धरायचा नाही, तेथील एकाकी काटेझाड तोडायचे नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात नव्या हमरस्त्याच्या आड असेच एक झाड आले, तेव्हा कथाकार एडी लेनिहान यांनी त्याच्यासाठी जाहीर आवाज उठविला आणि ते झाड राखून रस्ता नेण्यात आला.

या शेजाऱ्यांचा धाकही होता. त्यांचे नाव सरळ घेत नसत. 'चांगली माणसे' असे म्हणत. रात्री सापाला 'लांबडे' म्हणणाऱ्या आपल्या घरांना यातील मर्म सांगायला नको. हा धाक नेहमीच निरुपद्रवी होता असे मात्र नाही. खरे माणूस पळवून त्याच्या जागी टेकाडातले कोणी ठेवले जाते, अशी एक समजूत होती. या समजुतीपायी १८९५ साली टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या आजारी तरुणीला तिच्या पतीने जाळले आणि त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली. चेटकीण ठरवून स्त्रियांचे बळी आपल्या देशातही गेले आहेत. म्हणून लोककथेची जपणूक आणि लोकभ्रमाची जोपासना या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाने कधीही विसरू नये.

एकोणिसाव्या शतकात या कथासृष्टीवर दोन मोठे आघात झाले. १८३१ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय प्राथमिक शाळांत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. त्यानंतर १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले, दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. सर्वाधिक हानी झाली ती पश्चिमेच्या गरीब, आयरिशभाषी मुलखाची. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख होते. १९०१ साली ते साडेसहा लाखांच्या आत आले. कथा सांगणारी माणसे गेली आणि जी राहिली त्यांच्या नातवंडांना आजीची भाषा कळेनाशी झाली.

याच काळात संग्राहकही पुढे आले. क्रॉफ्टन क्रोकर यांचा दक्षिण आयर्लंडमधील दंतकथांचा संग्रह १८२५ साली निघाला आणि दुसऱ्याच वर्षी ग्रिम बंधूंनी तो जर्मन भाषेत नेला. डग्लस हाइड यांनी १८९० च्या सुमारास आयरिश भाषेतील कथा मूळ शब्दांसह छापल्या. पुढे १९३८ साली ते आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. कवी येट्स यांचा संग्रह १८८८ चा, तर लेडी ग्रेगरी यांचे देववीरांच्या कथांचे पुस्तक १९०४ चे. या मालिकेतील एक नाव आपल्या देशाशी निगडित आहे. डब्लिनचे व्हिटली स्टोक्स १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. आपल्या वकीलवर्गाच्या नित्य परिचयाच्या त्या कायद्याशी ज्यांचा असा संबंध आला, त्याच गृहस्थांनी १८९१ साली मॉयटूराच्या युद्धकथेची संहिता इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली.

परंतु आम्हांस या साऱ्यांहून अधिक मोलाचे वाटते ते १९३७ ते १९३९ या काळातील कार्य. १९३५ साली आयरिश सरकारने लोकविद्या आयोग स्थापन केला. शेमस डेलार्गी त्याचे संचालक होते. आयोगाचे पगारी संग्राहक मोजके आणि मुलूख विस्तृत; म्हातारी माणसे तर दर हिवाळ्यात कमी होत होती. तेव्हा आयोगाने शिक्षणखाते आणि शिक्षकसंघटना यांच्या साहाय्याने प्राथमिक शाळांनाच हाताशी धरले. शॉन ओ सुलिवान यांनी शिक्षकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. तीत ५५ विषय दिले होते : पुरलेले धन, हवामानाची लक्षणे, घरगुती औषधे, दुष्काळाचे दिवस, टेकाडातल्या लोकांचे गड, लेप्रेकॉन इत्यादी. वरच्या वर्गांतील अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी नेहमीच्या निबंधाऐवजी घरी व शेजारी जाऊन वृद्धांना विचारावे, ऐकलेले वहीत उतरवावे आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे, अशी योजना होती. निवडक मजकूर शाळेच्या मोठ्या वहीत उतरविला जाई आणि ती वही आयोगाकडे जाई.

सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० मुले या कामात सहभागी झाली आणि सुमारे ७,४०,००० पृष्ठांचा संग्रह उभा राहिला. उत्तरेचे सहा परगणे वेगळ्या राजवटीखाली असल्याने या योजनेबाहेर राहिले. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात सुरक्षित आहेत आणि त्यांचा मोठा भाग संगणकावर कोणालाही वाचता येतो. आयोगाच्या समग्र संग्रहाचा २०१७ साली युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत समावेश केला. ज्या शाळांनी एके काळी आजीची भाषा मुलांच्या तोंडून काढून घेतली, त्याच शाळांनी शंभर वर्षांनी आजीचे शब्द मुलांच्या हातून लिहून घेतले! प्रायश्चित्ताचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस शिक्षणाच्या इतिहासात सापडलेले नाही.

आता पुन्हा आजच्या कादंबरीकडे वळू. पॅट ओशे यांच्या १९८५ सालच्या 'द हाउंड्स ऑफ द मॉरिगन' या कादंबरीत गॉलवे भागातील दोन भावंडांची गाठ रणदेवता मॉरिगनशी पडते आणि दाग्दा त्यांचा पाठीराखा होतो. केट थॉम्प्सन यांच्या २००५ सालच्या 'द न्यू पोलिसमन' या कादंबरीत किनवारा या खऱ्याखुऱ्या गावी कोणालाच वेळ पुरत नाही. आईला वाढदिवसाची भेट म्हणून वेळच हवा आहे. तो शोधण्यासाठी मुलगा भुयारातून चिरतारुण्याच्या देशात उतरतो, तेव्हा आपला वेळ तिकडे गळत असल्याचे त्याला कळते. याच देशात जुन्या कथेतला ओशीन राहिला आणि परतला तो तीनशे वर्षांनी. आपल्या पुराणांतील राजा रैवतही कन्या रेवतीसह ब्रह्मलोकातून परत आला, तेव्हा पृथ्वीवर युगे उलटली होती. कोल्फर यांच्या फेअरींना भूगर्भातून वर येण्याची एक वाट तारा या प्राचीन राजपीठाच्या टेकडीपाशीच आहे. यंत्रे नवी, मुले नवी. पण वाटणी तीच, वरचे जग आपले आणि खालचे त्यांचे. आणि गावांची नावे खरी! ज्या मुलखातील प्रत्येक टेकाडाची कथा कोणीतरी सांगितली, कोणीतरी ऐकली आणि लिहून ठेवली, तेथील लेखकाला अद्भुतासाठी दूर जावे लागत नाही. प्रतिभा लेखकाची खरी. परंतु तिच्या पायाखालची जमीन अनेकांनी राखलेली असते.

हे लिहीत असता आम्हांस स्वतःची एक कसूर आठवते. आमच्या गल्लीत एक वृद्ध आजी राहत. गावच्या जुन्या विहिरीतील साती आसरांची कथा त्या मराठी-कानडी मिसळलेल्या ठसकेबाज बोलीत सांगत. कोणत्या आसरेने कोणाची घागर धरून ठेवली, कोणाला परत दिली, सारे नावानिशी. "दिवाळीच्या सुट्टीत लिहून घेऊ," असे म्हणत आम्ही सहा दिवाळ्या घालविल्या. आजी गेल्या. विहीर पुढे बुजविण्यात आली. कथेचा सांगाडा आम्हांस आठवतो. आजींचा एकही शब्द आठवत नाही. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे वाचविली, साने गुरुजींनी बायकांच्या ओठांवरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची नावे आम्ही वर्गात आदराने उच्चारतो. मात्र शेजारच्या ओट्यापर्यंत चालत जाणे आमच्याने झाले नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट अधिक लागू आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवे या प्रत्येक ठिकाणच्या मराठीने शेजारच्या भाषेशी घरोबा करून आपापल्या म्हणी, कथा आणि भुतेखेते घडविली आहेत. ती पुण्यामुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाहीत. ती ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांची वये आपण जाणतोच.

त्या विद्यार्थ्याला आम्ही आता पुरे उत्तर दिले आहे आणि त्याच्या वर्गाला प्रत्येकी एक दोनशेपानी वही. निबंधाच्या तासाऐवजी महिन्यातून दोनदा घरच्या वा शेजारच्या वृद्धांची एक कथा त्यांच्याच शब्दांत लिहावी, शेवटी सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव नोंदवावे, एवढाच नियम. पहिल्या चाळीस वह्यांत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ निघाल्या. त्या आम्ही मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, कारण त्यांतील काही चुका नसून बोलीचे उच्चार आहेत. आमच्या शिक्षकबंधूंनी हा प्रयोग आपापल्या शाळांत करून पाहावा आणि परिषदेने अशा वह्यांसाठी आपल्या ग्रंथालयात एक कपाट राखून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.