अवटु-संप्रेरके आणि तीव्र आजार : एका संज्ञेचा इतिहास, वऱ्हाडच्या संदर्भात

अमरावती-अकोल्याकडील बोलीत ‘तिले थायरॉइड हाये’ हे वाक्य आता इतके रुळले आहे की, त्यातील तर्काची गफलत कोणाच्या ध्यानीही येत नाही. थायरॉइड हे एका ग्रंथीचे नाव. ती प्रत्येकाच्या गळ्यात असतेच. नसेल तर तो विकार. तथापि अवयवाचे वा मोजमापाचे नाव विकाराला देण्याची ही रीत भाषेला नवी नाही. ‘त्याले शुगर हाये’, ‘बुढ्याले बीपी हाये’ ही वाक्ये त्याच कुळातील होत. लक्षणेने साधलेल्या अशा प्रयोगांना अशुद्ध म्हणून हिणवण्याचे कारण नाही. परंतु त्यांची एक अडचण मात्र मान्य करावी लागते. ‘थायरॉइड आहे’ आणि ‘थायरॉइड नाही’ अशा दोनच कप्प्यांत ही भाषा माणसांची वाटणी करते. ग्रंथी धडधाकट आहे आणि तरीही रक्तातील तिच्या स्रावाचे प्रमाण घसरले आहे, अशा तिसऱ्या अवस्थेला तीत जागा उरत नाही. ही तिसरी अवस्था दुर्मिळ असती तर प्रश्न नव्हता. प्रत्यक्षात रुग्णालयात खिळलेल्या गंभीर रुग्णांपैकी बहुतेकांची अवस्था तीच असते. तिचे ज्ञान कसे होत गेले व तिला नाव देताना विद्वानांची कशी ओढाताण झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ग्रंथीच्या नावाविषयी. १६५६ साली टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने या ग्रंथीला ढालीवरून नाव दिले. ग्रीक भाषेत दरवाजाएवढ्या लांबट ढालीला जो शब्द होता, त्यावरून ‘थायरॉइड’ आले. मराठी परिभाषेने ‘अवटु’ हा संस्कृत शब्द उचलला आणि १९७६ साली निघालेल्या मराठी विश्वकोशाच्या पहिल्या खंडात तो स्थिरावला. यात एक गंमत आहे. अमरकोशात अवटु, घाटा आणि कृकाटिका हे पर्याय मानेच्या मागील भागाचे म्हणून दिले आहेत. म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूस असलेल्या ग्रंथीला आपण मानगुटीचे नाव दिले आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले की घाईने, याचा निवाडा करण्याची येथे गरज नाही. शब्द रूढ झाला की व्युत्पत्ती मागे पडते, आणि तसे होणे हिताचेच असते.

ग्रंथीचा विकार मात्र आपल्याकडे ग्रंथीच्या नावाच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार केलेला आहे. गलगंड आणि गंडमाळा यांची लोकव्यवहारात होणारी सरमिसळ मात्र टाळावयास हवी. गंडमाळा म्हणजे मानेतील लसीका-ग्रंथींची, बहुधा क्षयजन्य, सूज. गलगंडाचा इतिहास हा देशाचा, म्हणजे भूमीचा इतिहास आहे. डोंगरी प्रदेशातील मातीत व पाण्यात आयोडीन कमी, म्हणून तेथील गळे फुगलेले. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून ही गोष्ट भारतापुरती सिद्ध केली आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. (आपल्याकडील पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी इतके खारे की १९३० साली दहीहंड्याच्या सत्याग्रहींना मिठासाठी समुद्र गाठावा लागला नाही, पण पाणी खारे म्हणून त्यात आयोडीन पुरेसे असेलच, असे समजणे चूक होय.) आपला विषय याहून निराळा आहे. तो देशाचा नसून काळाचा विकार आहे: दुखणे आले की येतो, दुखणे सरले की बहुधा सरतो.

तो समजण्यासाठी आधी या ग्रंथीचे दोन स्राव वेगळे ओळखता येणे आवश्यक होते. ‘हॉर्मोन’ हा शब्दच मुळी १९०५ सालचा; स्टार्लिंगने तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून योजला आणि आपला ‘संप्रेरक’ हा त्याच अर्थाचा अनुवाद. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा वऱ्हाडीची नोंद करणारा सातवा खंडही त्याच साली प्रसिद्ध झाला, हा निव्वळ योगायोग; पण भाषाभ्यासकाला तो टिपल्यावाचून राहवत नाही. पुढे २५ डिसेंबर १९१४ रोजी अमेरिकेत केंडॉलने थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. हॅरिंग्टनने १९२६ साली त्याची रचना उलगडली व पुढील वर्षी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्यास टी-४ म्हणतात. १९५२ साली लंडनमध्ये जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना तीन अणूंचा भाऊबंद सापडला, तो टी-३. धाकटा भाऊ थोरल्याहून अधिक प्रभावी ठरला. पण तो येतो कोठून? १९७० साली ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी दाखवून दिले की, ज्यांच्या ग्रंथीचे कार्य बंद आहे अशा माणसांना केवळ टी-४ दिले तरी त्यांच्या रक्तात टी-३ तयार होते. आज आपण जाणतो की टी-३ चा सुमारे पाचवा हिस्साच ग्रंथीतून थेट येतो. उरलेला यकृत, मूत्रपिंड, स्नायू इत्यादी ऊतकांत टी-४ मधील एक अणू गळून तयार होतो. अणू एका जागचा गळाला तर कार्यक्षम टी-३. दुसऱ्या जागचा गळाला तर तोच रेणू जवळजवळ निष्क्रिय, त्यास व्यस्त टी-३ म्हणतात. या दोन वाटांपैकी कोणती धरायची हे देहच ठरवतो, आणि आजारपणात तो दुसरी धरतो. साऱ्या विषयाचे मर्म एवढेच आहे.

ही गोष्ट प्रथम उपासमारीच्या अभ्यासातून पुढे आली, आणि वऱ्हाडच्या इतिहासाशी तिचा संबंध येतो तो येथेच. १८९९ साली पाऊस बुडाला. कापसावर सधन झालेल्या या प्रांताला १८९६-९७ चा धक्का बसून पुरती तीन वर्षेही लोटली नव्हती. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लक्ष होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लक्ष भरली. दुष्काळी कामांवर खडी फोडणे, माती वाहणे अशी कामे नेमून दिली जात आणि मजुरीचा हिशेब कामाच्या मापावर चाले. मापाइतके काम न करणाऱ्याविषयी सरकारी कागदांची भाषा बहुधा संशयाची असते: हा मनुष्य खरोखर अशक्त की अंगचोर?

या प्रश्नाचे उत्तर द्यावयास त्या काळी शरीरशास्त्र असमर्थ होते. ते पुष्कळ उशिरा मिळाले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे अँसेल कीज याने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचा मूलभूत चयापचय सुमारे ४० टक्क्यांनी उतरला, नाडी मंद झाली, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे आणि कशातच मन लागेना. यातील काही भाग शरीराचे वस्तुमान घटल्यामुळे होता. पण उरलेल्या पेशीही आपला व्यवहार आखडता घेत होत्या. १९७० नंतर टी-३ रक्तात मोजता येऊ लागले, आणि १९७५ साली व्हॅगेनाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की संपूर्ण उपवासात टी-३ घसरते व त्याच वेळी व्यस्त टी-३ वाढते. घरात धान्य कमी पडले की शहाणी गृहिणी चुलीचा जाळ आधी कमी करते, तसे हे आहे. १९०० सालच्या खडीच्या ढिगापाशी बसलेल्या मजुराचे रक्त कोणी तपासलेले नाही, हे उघडच आहे. परंतु मनुष्यदेहाचा हा धर्म तेव्हा निराळा असण्याचे कारण नाही. माझ्या मते, दुष्काळाच्या कागदपत्रांत जेथे जेथे ‘मंद’, ‘उदासीन’, ‘कामाची इच्छा नसलेले’ अशा अर्थाचे शेरे भेटतात, तेथे इतिहासाच्या अभ्यासकाने ते शब्द स्वभाववर्णन म्हणून न घेता लक्षण म्हणून वाचले पाहिजेत. ते मांद्य देहाने स्वतःच्या रक्षणासाठी पत्करलेले असते, आणि नेमके त्याच देहाकडून मापाचे काम मागितले जात होते.

दुष्काळात माणसे निव्वळ उपाशी राहून मरतात त्याहून अधिक पटकी, अतिसार आणि हिवताप यांनी मरतात. म्हणजे उपासमार आणि तीव्र आजार ही तेथे एकमेकांच्या हातात हात घालून येतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझातही मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वाधिक मृत्युमान असलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि ते साल अवर्षणाचेही होते. निव्वळ आजाराचा परिणाम वेगळा काढून दाखवण्याचे श्रेय पुष्कळ अंशी इंदरजित चोप्रा यांना जाते. लॉस एंजेलिस येथे काम करताना त्यांनी १९७४ साली व्यस्त टी-३ मोजण्याची पद्धत बसवली आणि १९७५ साली दाखवले की सर्वांगीण विकार असलेल्या रुग्णांत टी-३ आणि व्यस्त टी-३ एकमेकांच्या उलट दिशेने जातात. आजार जडला, मोठी शस्त्रक्रिया झाली वा हृदयविकाराचा झटका आला की टी-३ काही तासांतच उतरू लागते. आजार बळावला की टी-४ ही उतरते. एरवी टी-४ कमी झाले की मस्तिष्काच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच या स्रावाने अवटु ग्रंथीला हाक मारते. येथे मात्र ती गप्प राहते, निदान पुरेशा जोराने हाक मारत नाही. रोगी सुधारू लागला की ती हाक एकदम मोठी होते, टीएसएच काही दिवस प्रमाणाबाहेर चढते, आणि मग सारे पूर्वपदावर येते. २००३ साली पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागात मरण पावलेल्या रुग्णांची ऊतके तपासली, तेव्हा टी-३ घडवणारे विकर यकृतात मंदावलेले आणि ते निष्क्रिय करणारे विकर यकृतात व स्नायूंत अवेळी जागे झालेले आढळले.

आता नावाचा वाद. या अवस्थेला इंग्रजीत ‘यूथायरॉइड सिक सिंड्रोम’ असे नाव पडले. यातील ‘यू’ हा ग्रीक उपसर्ग आपल्या ‘सु’चा समानार्थी; म्हणजे रोगी आजारी आहे, पण अवटुदृष्ट्या ठीक आहे. नावातच निदान आणि निदानातच उपचार दडलेला: ग्रंथी ठीक असेल तर औषध कशाला? पण तो ठीक आहे हे कोणी ठरवले? १९८१ साली असे दिसून आले होते की ज्या अत्यवस्थ रुग्णांचे टी-४ फार घसरते, त्यांतील बहुसंख्य दगावतात. तेव्हा देहाची ही काटकसर आहे की दिवाळखोरी? १९८६ साली ब्रेंट आणि हर्शमन यांनी अशा रुग्णांना थायरॉक्सिन देऊन पाहिले. आकडे सुधारले, रोगी सुधारले नाहीत. तरीही वाद मिटला नाही. १९९७ साली खुद्द चोप्रा यांनीच, हे नाव चुकीचे तर नव्हे ना, असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच विचारला, आणि १९९९ साली डी ग्रूट यांनी ही अवस्था निरुपद्रवी मानणे हाच एक धोकादायक मताग्रह असल्याचे प्रतिपादिले. परिणामी ‘नॉन-थायरॉइडल इलनेस सिंड्रोम’ हे दुसरे नाव पुढे आले. ते काहीच ठासून सांगत नाही, आणि तोच त्याचा गुण. पहिले नाव निकाल देत होते. दुसरे केवळ घटना नोंदवते.

मराठीत ही नावे आणताना परिभाषाकाराची कसोटी लागते. ‘सु’ आणि ‘अवटु’ यांचा संधी केला तर ‘स्ववटु’ होते, आणि वाचक ‘स्व’ शोधत बसतो. दुसऱ्या नावाचे ‘अवट्वितर आजार’ होईल. ते उच्चारताना निरोगी माणूसही आजारी पडावा. माझ्या मते ‘आजारातील टी-३ घट’ हे साधे वर्णन दोहोंपेक्षा सरस आहे. त्यात ग्रंथीवर ठपका नाही आणि तिला प्रशस्तिपत्रही नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे २०२१ साली आपल्याच भागात कळून चुकले. त्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील कोविडची दुसरी लाट अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात आधी जाणवली. अमरावती शहर आणि अचलपूर येथे २२ फेब्रुवारीपासून आठवड्याची टाळेबंदी लागली. विषाणूच्या नव्या वंशालाही तेव्हा आधी ‘दुहेरी उत्परिवर्तन’, मग देशाचे नाव, आणि अखेर ३१ मे रोजी ‘डेल्टा’ अशी नावे पालटत गेली. इटली, हाँगकाँग येथील रुग्णांच्या अभ्यासांत कोविडमध्येही टी-३ ची हीच घट आढळली, आणि आजार तीव्र तशी ती अधिक. त्यातच या रुग्णांना दिली जाणारी स्टेरॉइड औषधे टीएसएच आणि टी-३ या दोहोंना खाली ओढतात. खाटेवर घेतलेल्या अशा रक्ताच्या अहवालावर ठळक अक्षरांत ‘कमी’ असे छापून येते. घरी परतल्यावर आठवड्याने तोच तपास केला तर टीएसएचपुढे ‘जास्त’ असे येते. दोन्ही कागद खरे असतात. वाचणाऱ्याच्या भाषेत जर दोनच कप्पे असतील, तर रुग्ण ‘थायरॉइडवाला’ ठरतो आणि जन्मभराची गोळी त्याच्या मागे लागू शकते. म्हणून जाणते चिकित्सक सबळ कारणावाचून आजारपणात ही तपासणी करीतच नाहीत. केलीच तर त्यातील लहानसहान फेरफारांवरून निदान न करता, रोगी बरा झाल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी ती पुन्हा करवून घेतात. टीएसएच फारच चढलेले असेल, वा गळा सुजलेला, हातपाय थंड आणि नाडी अतिमंद असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे खरा अवटु-विकार आजाराआड लपलेला असण्याचा संभव राहतो, आणि तेथे थांबणे हीच चूक ठरते.