स्नेह्यांचे स्मरण : नामदार गोखले आणि त्यांचे सहकारी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची ही स्मरणिका वाचकांच्या हाती देताना आम्हांस जितका आनंद होत आहे, तितकीच मनाला हुरहूरही लागून राहिली आहे. ज्यांनी आरंभीच्या काळात सतरंज्या अंथरण्यापासून दारोदार वर्गणी गोळा करण्यापर्यंत सारी कामे आपलीच मानून केली, त्यांतील कितीतरी स्नेही आज आपल्यांत नाहीत. त्यांची छायाचित्रे छापली, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो, म्हणजे त्यांचे स्मरण झाले काय? हा प्रश्न मनात घोळत असता आम्हांस नामदार गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी यांची आठवण झाली. गेलेल्या स्नेह्याचे स्मरण कसे करावे, याचा वस्तुपाठच या मंडळींच्या चरित्रांत सापडतो. आणि त्याचा आरंभ, योगायोगाने, महाराष्ट्रापासून दूर कलकत्त्यास होतो.

इ. स. १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन झाले. दक्षिण आफ्रिकेतून आलेले बॅरिस्टर मोहनदास गांधी अधिवेशनानंतर सुमारे महिनाभर गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय शेजारीच राहत व वारंवार येत असत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. गोखल्यांनी ऐन विशीत रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक कामाचे धडे घेतले होते. आकडे कसे तपासावेत, अर्ज कसा लिहावा, प्रतिपक्षाशी बोलतानाही तोल कसा राखावा, हे सारे त्यांनी त्या एका गुरूपासून घेतले. त्यामुळे बोलता बोलता रानड्यांचे नाव निघाले नाही, असा दिवस कलकत्त्याच्या त्या घरात सहसा जात नसे.

त्या मुक्कामात गोखल्यांनी रानड्यांचा स्मृतिदिन पाळला. तो जयंतीचा होता की पुण्यतिथीचा, हे गांधीजींना पुढे आत्मकथा लिहिताना आठवले नाही. आणि ते स्वाभाविकच होय, कारण १६ जानेवारीची पुण्यतिथी व १८ जानेवारीची जयंती यांत अंतर अवघ्या दोन दिवसांचे. सभेसाठी मंडप नव्हता, अध्यक्ष नव्हते, हारतुरे नव्हते. यजमान गोखले, पाहुणे गांधी, गोखल्यांचे स्नेही प्रा. काथवटे आणि एक सबजज्ज, एवढीच काय ती मंडळी. त्या तिघांपुढे गोखल्यांनी रानड्यांच्या आठवणी सांगितल्या. ओघात तेलंग व मंडलिक यांच्याशी त्यांची तुलनाही केली. तेलंगांच्या मोहक शैलीचे गुण गायले. मंडलिकांची आपल्या अशिलाविषयीची तळमळ सांगताना, नेहमीची गाडी चुकली तेव्हा न्यायालयात वेळेवर पोहोचण्यासाठी त्यांनी स्वतंत्र खास गाडी केल्याची हकीकत सांगितली. रानडे मात्र केवळ न्यायाधीश नव्हते; ते इतिहासकार होते, अर्थशास्त्रज्ञ होते, सुधारक होते, आणि सरकारी नोकरीत असूनही काँग्रेसला निर्भयपणे हजर राहत, हे त्यांनी आवर्जून सांगितले. येथे आम्हांस विशेष वाटते ते हे की, एकाची थोरवी सांगताना गोखल्यांनी दुसऱ्यास उणे केले नाही.

परमुलखात एका खोलीत जमलेली चार माणसे आणि मध्ये एका दिवंगत स्नेह्याची आठवण! परप्रांतीच्या कोणत्याही मराठी मंडळाचा आरंभ याहून निराळा असेल असे आम्हांस वाटत नाही.

पुढे दहा वर्षांनी, म्हणजे १९१२ साली, गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथील हिंदी लोकांची दैना त्यांना प्रत्यक्ष पाहावयाची होती. जोहान्सबर्ग येथे त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठरली. त्या प्रसंगी घ्यावयाचे उपरणे चुरगळलेले होते आणि धोब्याकडे पाठविण्यास सवड नव्हती. गांधीजींनी इस्त्री करून देण्याची तयारी दाखविली. तेव्हा, वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, पण धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचा विनोद करून गोखल्यांनी आधी नकार दिला. ते उपरणे रानड्यांनी दिलेली भेट होती. गोखले ते जिवापाड जपत आणि विशेष प्रसंगीच अंगावर घेत. अखेर गांधीजींनी हट्टाने परवानगी मिळविली, इस्त्री उत्तम केली आणि गोखल्यांची शाबासकीही मिळविली. पुण्याच्या न्यायमूर्तींचे उपरणे सातासमुद्रापार एका शिष्याच्या खांद्यावर आणि त्याची घडी दुसऱ्याच्या हातची! स्मरण एका हातातून दुसऱ्या हाती जाते, ते असे.

गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस उतरले. प्रकृती ढासळली असतानाही गोखले त्यांच्या भेटीस मुंबईला गेले. मागाहून पुण्यास भारत सेवक समाजाच्या आवारात गांधीजींसाठी त्यांनी साधासा अल्पोपाहार योजला. भुईमुगाचे दाणे, खजूर, फळे एवढाच बेत होता. तेथे येताच गोखल्यांना मूर्च्छा आली. त्यांना आत नेण्यात आले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठविला, की कार्यक्रम थांबवू नका. गांधीजींच्या भावी आश्रमास लागेल तो पैसा समाजाच्या खात्यातून देण्यास त्यांनी डॉ. देव यांना सांगून ठेविले होते. वर्षभर देश डोळसपणे पाहा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका, असे वचनही त्यांनी गांधीजींकडून घेतले होते.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री गोखले गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. गांधीजी तेव्हा बंगालमध्ये शांतिनिकेतनात होते. साताऱ्यास जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकरही तेव्हा तेथेच होते. काकासाहेबांची व गांधीजींची पहिली भेट तिथलीच. पुण्याहून तार आली आणि सारा आश्रम शोकात बुडाला. मंदिरात सभा भरली. त्याच दिवशी गांधीजी कस्तुरबा व मगनलाल यांच्यासह पुण्यास निघाले. दीनबंधू अँड्र्यूज बर्दवानपर्यंत सोबतीस आले.

पुण्यास दुसऱ्या दिवशी जो प्रसंग घडला, तो आपल्यासारख्या सभा-संस्था चालविणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. लोकमान्य टिळक सिंहगडावर होते. वार्ता कळताच ते खाली आले. टिळक आणि गोखले एकेकाळी डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील सहकारी. पुढे पंचवीस वर्षे प्रतिपक्षी. काँग्रेसमधील दोन पक्षांच्या समेटाच्या खटपटीवरून त्यांच्यांत त्याच महिन्यांत नव्याने कटुता आली होती. तरीही स्मशानभूमीवर टिळक बोलावयास उभे राहिले. ही वेळ टाळ्या वाजविण्याची नसून अश्रू ढाळण्याची आहे, असे त्यांनी जमावास बजावले. गोखल्यांना भारताचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले, आणि तरुणांनी त्यांचा कित्ता गिरवावा असे सांगितले. मतभेद होते हे दोघांनी कधी लपविले नाही. पण ते किती मोजावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, हे टिळकांनी त्या घटकेस दाखवून दिले.

असाच प्रसंग गांधीजींवरही आला. आपण समाजाचे सभासद व्हावे अशी गोखल्यांची इच्छा असल्याने त्यांनी अर्ज केला. परंतु सभासदांत दोन तट पडले. दोघांच्या कार्यपद्धतीत फार अंतर असल्याचे अनेकांस वाटे. गुरूच्या इच्छेचा आधार घेऊन गांधीजींना हट्ट धरता आला असता. त्यांनी अर्ज मागे घेतला. त्यामुळे सभासदांशी आपला स्नेह अधिकच दृढ झाला, असे त्यांनी लिहून ठेविले आहे. स्नेह्याच्या नावाने वाद जिंकण्यापेक्षा त्याचे घर अभंग राखणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

ते घर राखले इतरांनी. १२ जून १९०५ रोजी स्थापन झालेल्या या समाजाची धुरा मद्रासकडचे श्रीनिवास शास्त्री यांनी घेतली. ते मूळचे शाळेचे हेडमास्तर. आपल्या गुरूविषयी ते आयुष्याच्या अखेरीपर्यंत बोलत आणि लिहीत राहिले. असहकाराच्या प्रश्नावर शास्त्री व गांधी यांचे मार्ग वेगळे झाले. पण १९४६ साली शास्त्री अंथरुणास खिळले असता गांधीजी त्यांच्या भेटीस गेल्यावाचून राहिले नाहीत. पुण्यात देवधरांनी रमाबाई रानडे यांच्या साथीने सेवासदन वाढविले, मुंबईत ना. म. जोशींनी गिरणी कामगारांत आयुष्य वेचले. ठक्करबाप्पा भिल्लांच्या व हरिजनांच्या वस्त्यांत गेले. अलाहाबादेस हृदयनाथ कुंझरू उभे राहिले. मराठी, तमिळ, गुजराती, काश्मिरी अशा या मंडळींना एकत्र बांधणारा धागा एका दिवंगत सहकाऱ्याचा होता.

आणि जे काम अपुरे राहिले, त्याचे काय? सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोखल्यांनी १९११ साली मांडले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मूळ विधेयकास शंभर वर्षे होत आली होती. कोणाचेही चांगले काम त्याच्याबरोबर संपत नाही, एवढे मात्र यावरून निश्चित म्हणता येते.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच. या स्मरणिकेतील छायाचित्रांखाली केवळ जन्म-मृत्यूची वर्षे वाचून पान उलटू नये. आपल्या मुलांना जवळ बसवून त्या प्रत्येकाची एकतरी खरी हकीकत सांगावी. त्यांच्याशी झालेले वादही लपवू नयेत. त्यांनी अर्धवट सोडलेले एखादे काम, मग ते ग्रंथालयाचे असो वा बालवर्गाचे, आपल्याकडे घ्यावे. चार माणसे जमली तरी पुरे. कलकत्त्याच्या त्या खोलीतही याहून अधिक नव्हती.