हालचालीचा हिशोब

भरलेली घागर जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवावयास दोन क्षण पुरतात. त्या दोन क्षणांत कोणते सांधे वळले, कोणते स्नायू आवळले आणि किती बळ खर्ची पडले, हा हिशोब मांडण्यास मात्र मनुष्याला कित्येक शतके लागली.

सांध्यांची मोजदाद भारतात फार पूर्वी झाली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्यांची संख्या २१० दिली असून चल व स्थिर असे दोन वर्ग आणि आकारावरून आठ प्रकार सांगितले आहेत. मांडीचे हाड जेथे कमरेत बसते तो ‘उलूखल’, म्हणजे उखळीसारखा सांधा. कोपर व गुडघा यांचा प्रकार निराळा, ‘कोर’ नावाचा. आज त्याला आपण बिजागरीचा सांधा म्हणतो. हे ज्ञान केवळ तर्काने आलेले नव्हते. शव सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावे, मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असा विधी तेथे दिलेला आहे.

सांधा वळतो, पण त्याला वळवितो कोण? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये नाव मिळविलेल्या गेलेन या ग्रीक वैद्याने याचे मर्म सांगितले. स्नायू आकुंचन पावून ओढतो. त्याला ढकलता येत नाही. म्हणून स्नायूंच्या परस्परविरोधी जोड्या असतात. दंडाचा पुढील स्नायू कोपर वाकवितो, मागील स्नायू ते सरळ करितो. दार ढकलतानाही आत कोणता तरी स्नायू ओढतच असतो.

राहिला बळाचा प्रश्न. तो सोडविला जिओव्हानी बोरेली या इटालियन गणितज्ञाने. १६०८ मध्ये नेपल्स येथे जन्मलेल्या बोरेलीने हाडाला तरफ, सांध्याला टेकू आणि स्नायूला बळ मानले. थोड्या बळाने मोठा भार उचलण्याची सोय निसर्गाने केली असावी, अशी जुनी समजूत होती. बोरेलीचे गणित नेमके उलट निघाले. दंडाचा स्नायू कोपरापासून चारपाच सेंटिमीटरांवरच जोडलेला, आणि तळहातावरील भार त्याच्या सातआठ पट दूर. म्हणून दहा किलोचा भार तोलून धरावयास स्नायूला सत्तर-ऐंशी किलोच्या भाराइतका ताण द्यावा लागतो. मोबदल्यात स्नायू किंचित आखडला, तरी हात दूरवर आणि वेगाने फिरतो.

हे लिहिणाऱ्याच्या वाट्याला सुख आले नाही. राजकीय कटाच्या संशयामुळे त्याला मेसिना सोडावे लागले. रोममध्ये दारिद्र्य आले, तेव्हा एका मठात राहून त्याने गणित शिकविले. सिंहासन सोडलेल्या स्वीडनच्या राणी क्रिस्तिनाने ग्रंथाच्या छपाईचा भार उचलला. पण बोरेली १६७९ च्या अखेरीस वारला, आणि ‘प्राण्यांच्या गतीविषयी’ हा त्याचा ग्रंथ १६८० व १६८१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला.

त्यातील सर्वच टिकले नाही. रसांच्या उकळीने स्नायू फुगतो, हा बोरेलीचा तर्क चुकीचा ठरला. स्नायूतील सूक्ष्म तंतू एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले. तरफेचे गणित मात्र आजही अस्थिशल्यचिकित्सेत आणि कृत्रिम अवयवांच्या रचनेत उपयोगी पडते. जे मोजले होते ते टिकले. जे केवळ कल्पिले होते ते गळून पडले.